कर्मेलच्या गुहा आणि यरीहोची भिंत

कर्मेल, नाझरेथ, गालील, यरीहो ही नावे आपल्या कानांना परकी नाहीत. रविवारच्या मिस्सेतील वाचनांतून, उपवासकाळातील प्रवचनांतून आणि घरोघरच्या आज्यांनी सांगितलेल्या बायबलकथांतून ती कित्येक पिढ्या आपल्या घरांत वावरत आली आहेत. कर्मेल म्हटले की बआलाच्या पुजाऱ्यांना एकट्याने आव्हान देणारा एलिया संदेष्टा आठवतो. गालील म्हटले की सरोवराच्या काठी जाळी धूत बसलेले कोळी डोळ्यांपुढे येतात. यरीहो म्हटले की कर्ण्यांच्या निनादात कोसळणारी तटबंदी आठवते आणि उंबराच्या झाडावर चढून बसलेला ठेंगणा जक्कयही.

एलियाचा काळ इ.स.पूर्व नवव्या शतकातला, म्हणजे आजपासून सुमारे २८०० वर्षांपूर्वीचा. आपल्याला तोच फार प्राचीन वाटतो. तथापि त्याच डोंगरातील गुहांत, त्याच सरोवराच्या काठी आणि त्याच झऱ्याजवळ एलियाच्याही हजारो, किंबहुना लाखो वर्षे आधी माणसे राहत होती. त्यांनी चुली पेटविल्या, मासे भाजले, आपली मृत मुले मातीत निजविली, धान्य दळले आणि सरतेशेवटी भिंतीही उभारल्या. त्यांच्यापाशी लिपी नव्हती, म्हणून त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत. पोहोचली ती त्यांची हाडे, हत्यारे आणि राख. माणूस समाज करून राहू लागला तो कसा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अभ्यासकांना जगातील ज्या मोजक्या प्रदेशांकडे पुनःपुन्हा वळावे लागते, त्यांत पवित्र भूमीचा हा चिंचोळा पट्टा अग्रभागी आहे.

बंदरासाठी दगड

१९२८ साली पॅलेस्टाईनवर ब्रिटिशांचा अंमल होता. हैफा येथे मोठे बंदर बांधावयाचे होते आणि त्यासाठी दगड हवा होता. कर्मेल डोंगराच्या पश्चिम उतारावर 'वादी अल-मुघारा', म्हणजे गुहांची दरी, नावाची एक जागा आहे. तेथील कडा फोडून दगड काढण्याचे ठरले. सुरुंग लागण्यापूर्वी जागेची परीक्षा करावी म्हणून पुरातत्त्व खात्याच्या चार्ल्स लँबर्ट यांनी एक चर खणला, आणि त्यातून अश्मयुगीन माणसांच्या वस्तीचे अवशेष वर आले. खाणीचा बेत रद्द झाला. पुढे २०१२ साली युनेस्कोने या गुहांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ज्या स्थळाचा धक्क्याच्या भरावात चुरा व्हावयाचा, ते अशा रीतीने वाचले.

उत्खननाची जबाबदारी डोरोथी गॅरड या इंग्रज विदुषीवर सोपविण्यात आली. गॅरडबाईंचे तिन्ही भाऊ पहिल्या महायुद्धाच्या आणि त्यापाठोपाठ आलेल्या साथीच्या काळात मरण पावले होते. त्यांनी तारुण्यातच कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती, आणि पॅरिसला जाऊन गुहाचित्रांचे थोर अभ्यासक फादर आँरी ब्रय यांच्या हाताखाली अश्मयुगाचे शिक्षण घेतले होते. १९२९ ते १९३४ या काळात त्यांनी कर्मेलच्या गुहा उकलल्या. १९३९ साली त्या केंब्रिज विद्यापीठातील पहिल्या स्त्री-प्राध्यापक झाल्या. त्या वेळी ते विद्यापीठ स्त्रियांना पूर्ण पदवी देत नव्हते. तो हक्क स्त्रियांना मिळावयास १९४८ साल उजाडावे लागले.

गॅरडबाईंनी खोदकामासाठी मुख्यतः आसपासच्या अरब गावांतील स्त्रिया नेमल्या होत्या. त्यांतील युस्रा नावाच्या स्त्रीची नजर विलक्षण तीक्ष्ण होती. १९३२ साली ताबुन गुहेतील मातीत तिला एक दात दिसला. त्या दाताच्या मागोमाग एका निअँडरथल स्त्रीची चुरडलेली कवटी आणि सांगाडा हाती आला. युस्राने केंब्रिजला जाऊन शिकण्याचे स्वप्न बोलून दाखविले होते, असे तिच्यासोबत काम करणाऱ्यांनी नमूद केले आहे. १९४८ च्या युद्धात त्या परिसरातील अरब गावे उठली आणि युस्राचा पुढचा माग लागत नाही. हजारो वर्षांपूर्वीचे माणूस शोधून काढणारी ही स्त्री आपल्याच शतकात हरवली, याची नोंद इतिहासाने ठेवलीच पाहिजे.

नदीकाठची चूल

ही भूमी एवढी महत्त्वाची का ठरली, याचे उत्तर नकाशात आहे. मानवकुळाचा जन्म आफ्रिकेत झाला. इथिओपियात १९७४ साली सापडलेली 'लूसी' सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. टांझानियातील लाएटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली, दोन पायांवर चालणाऱ्यांची पावले त्याहूनही जुनी, ३६ लाख वर्षांपूर्वीची. आफ्रिकेतून आशियाकडे पायी निघालेल्यांना एक मोठी वाट नाईलच्या मुखाजवळून आणि सिनाईमार्गे या पट्ट्यातून जात होती. यार्देन नदीचे खोरे हे तर लाल समुद्राच्या पलीकडे पूर्व आफ्रिकेत पसरलेल्या प्रचंड भूभेगांच्या मालिकेतीलच एक दुवा आहे. पुढे मोशेच्या नेतृत्वाखाली एक समाज ज्या दिशेने चालत आला, जवळपास त्याच दिशेने मानवजातीचे पूर्वजही चालत आले होते.

गालील सरोवराच्या दक्षिणेस उबैदिया येथे मिळालेली दगडी हत्यारे १५ लाख वर्षांच्या आसपासची किंवा त्याहूनही जुनी आहेत. हातात मावणाऱ्या, दोन्ही बाजूंनी ठोकून धार काढलेल्या त्या कुऱ्हाडी पाहिल्या की त्यामागचे मन जाणवते. दगड हातात घेण्याआधीच कुऱ्हाडीचा आकार करणाऱ्याच्या डोक्यात तयार असला पाहिजे, आणि तो आकार कोणीतरी कोणालातरी शिकविला असला पाहिजे. शिकविणारा आणि शिकणारा जेथे आहेत, तेथे समाजाचे बीज आहे.

याच नदीवर आणखी उत्तरेस, याकोबाच्या कन्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुलाजवळ, सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची एक वस्ती आहे. तेथे जळालेल्या चकमकीच्या ठिकऱ्या विखुरलेल्या नाहीत, ठरावीक जागी गोळा झालेल्या आहेत. म्हणजे तेथे चुली होत्या. २००४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २०२२ साली त्यात आणखी भर पडली. त्या जागी मिळालेल्या माशांच्या दातांची तपासणी केली असता, ते थेट जाळात न पडता मंद आचेवर तापले होते, असे आढळले. आपल्या रोहूच्या कुळातले मोठे मासे पकडून ती माणसे शिजवीत होती.

चुलीचे महत्त्व केवळ अन्न मऊ करण्यापुरते नाही. विस्तव विझू द्यायचा नसेल तर कोणीतरी जागे राहावे लागते, सरपण आणणाऱ्यांची पाळी ठरवावी लागते. अंधार पडल्यावरही माणसे उजेडाभोवती बसू शकतात, एकमेकांचे चेहरे पाहू शकतात. लेकरे पेंगत असतात, म्हातारे बोलत असतात. त्या वेळी भाषा किती होती हे हाडे सांगत नाहीत. परंतु बोलण्याची गरज आणि बोलण्याला सवड या दोन्ही गोष्टी चुलीपाशी निर्माण झाल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

नाझरेथजवळची कबर

नाझरेथ शहराच्या दक्षिण अंगाला एक उभा कडा असलेली टेकडी आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूला त्याच्याच गावकऱ्यांनी कड्यावरून लोटून देण्यासाठी नेल्याचा प्रसंग आहे. परंपरा तो प्रसंग याच टेकडीशी जोडते. अरबी भाषेत या टेकडीचे नाव काफ्झेह. त्याच टेकडीच्या पोटात काफ्झेहची गुहा आहे.

१९३० च्या दशकात रने नव्हिल यांनी आणि १९६५ नंतर बर्नार व्हांडरमीर्श यांनी ही गुहा खणली. तेथे डझनाहून अधिक माणसांचे अवशेष मिळाले, आणि त्यांत मुलांची संख्या लक्षणीय होती. ही माणसे कवटीच्या ठेवणीने आपल्यासारखी, म्हणजे होमो सेपियन्स होती. आपल्या जातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथील असून ते सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. कर्मेलवरील मिस्लिया गुहेतील जबडा सुमारे १ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचा. काफ्झेहची माणसे त्यांच्या नंतरची. भाजलेल्या चकमकीत साठून राहिलेल्या ऊर्जेवरून वय काढण्याच्या पद्धतीने १९८८ साली त्यांचा काळ सुमारे ९२ हजार वर्षांपूर्वीचा ठरला.

या गुहेतील एका कबरीपाशी आपण थांबले पाहिजे. खडकात खोदलेल्या खड्ड्यात बारा-तेरा वर्षांचे एक मूल उताणे ठेवलेले आहे. त्याच्या छातीच्या वरच्या भागावर, हातांशी, हरिणाची मोठी शिंगे ठेवलेली आहेत. ती तेथे आपोआप पडली नाहीत. कोणीतरी ती आणली आणि विचारपूर्वक ठेवली.

२०१४ साली फ्रेंच संशोधकांनी या मुलाच्या कवटीची आधुनिक क्ष-किरण तंत्राने तपासणी केली. त्यात दिसले की लहानपणी, साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात, त्याच्या कपाळाला जबर मार लागला होता. हाड आत दबले होते आणि नंतर भरून आले होते. मेंदूची वाढ त्यामुळे खुंटली. हालचालींत, वागण्याबोलण्यात, कदाचित माणसे ओळखण्यातही त्याला अडचण येत असावी, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. अशा मुलाला शिकारीच्या मागे धावणाऱ्या, अन्नासाठी सतत हिंडणाऱ्या टोळीने पुढे सात-आठ वर्षे सांभाळले. तो गेला तेव्हा त्याला टाकून दिले नाही. त्या गुहेतील सर्वांत सन्मानाची कबर त्याच्या वाट्याला आली. याच गुहेत सुमारे तीन वर्षांच्या एका बालकाच्या कवटीत डोक्यात पाणी साठण्याच्या विकाराच्या खुणा मिळाल्या आहेत. तेही जन्मताच टाकले गेले नव्हते.

मानवी समाजाचा आरंभ सांगताना आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा शिकारीचे चित्र असते. हातात भाला घेतलेले पुरुष आणि समोर मोठे जनावर. ते चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे. लांडगेही कळपाने शिकार करतात. ज्याचा शिकारीत काही उपयोग नाही त्याला शिकारीतला वाटा देणे, आणि तो गेल्यावर त्याच्यासाठी खडक खोदणे, यात काहीतरी वेगळे घडत होते. २ नोव्हेंबरला आपापल्या धर्मग्रामातील दफनभूमीत कबरी स्वच्छ करून मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्याला ते परके वाटू नये.

कर्मेलवरील स्खूल गुहेतही अशा दहा जणांचे अवशेष मिळाले. एका पुरुषाच्या कवेत रानडुकराचा जबडा होता. तेथे आणि काफ्झेहला भोके असलेले समुद्रशिंपले आढळले. काफ्झेहचे काही शिंपले दोऱ्यात ओवले गेल्याच्या व गेरू लागल्याच्या खुणा आहेत. काफ्झेहपासून समुद्र सुमारे ४० किलोमीटर दूर आहे. खाण्यासाठी नव्हे, अंगावर घालण्यासाठी कोणी एवढ्या दुरून शिंपले आणतो तेव्हा त्याला दुसऱ्याच्या नजरेत आपण कोण आहोत हे सांगावयाचे असते.

शेजारी

येथे एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. दफन ही केवळ आपल्या जातीची मिरास नव्हे. कर्मेलच्याच दक्षिण टोकाजवळील केबारा गुहेत १९८३ साली सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीच्या एका निअँडरथल पुरुषाचा पुरलेला सांगाडा मिळाला. जिभेच्या मुळाशी असते ते नालाच्या आकाराचे नाजूक हाड त्यात शाबूत होते आणि ते आपल्या हाडासारखेच होते. त्यामुळे निअँडरथल माणूस मुका होता ही समजूत डळमळीत झाली. गालील सरोवराजवळच्या अमूद गुहेत १९९२ साली दहा महिन्यांच्या एका निअँडरथल तान्हुल्याचा सांगाडा मिळाला. त्याच्या कमरेशी हरिणाचा वरचा जबडा टेकवून ठेवलेला होता.

युरोपात १९०८ साली ल शापेल-ओ-सँ या खेड्याजवळ बुसोनी बंधूंनी, जे स्वतः धर्मगुरू होते, एका वृद्ध निअँडरथलाची कबर शोधून काढली. पॅरिसच्या मार्सलँ बूल यांनी त्याचे चित्र वाकलेल्या गुडघ्यांचा, पुढे झुकलेला, अर्धवट पशू असे रंगविले. तो वृद्ध सांधेदुखीने जर्जर होता आणि त्याचे बहुतेक दात गेलेले होते, ही बाब बाजूला पडली. १९५७ च्या फेरतपासणीनंतर ते चित्र पुसले जाऊ लागले. दुसऱ्याला पशू ठरविण्याची घाई ही विद्वानांनाही चुकलेली नाही.

पवित्र भूमीत हे दोन्ही मानववंश आळीपाळीने, आणि काही काळ बहुधा शेजारी म्हणून, राहिले. पश्चिम गालीलातील मानोत गुहेत मिळालेली कवटी सांगते की सुमारे ५५ हजार वर्षांपूर्वी आपल्या जातीची माणसे पुन्हा तेथे होती. २०१० साली स्वांते पाबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथलांचा जनुकसंच वाचला. त्यावरून सिद्ध झाले की आफ्रिकेबाहेरच्या सर्व मानवांच्या रक्तात एक ते दोन टक्के वारसा निअँडरथलांचा आहे. त्या कार्यासाठी पाबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या टक्केवारीत भारतीयही आले, आणि हा लेख वाचणारे आपणही आलो. ज्यांना आपण गुहेतील पशू म्हणून हिणविले, ते आपल्या कुळवृक्षातच बसलेले होते.

सरोवराकाठचे झोपडे

१९८९ साली गालील सरोवराचे पाणी खूप खाली गेले आणि ओहालो नावाच्या जागी चिखलातून २३ हजार वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. डहाळ्यांच्या सहा झोपड्या, बाहेर चुली, एका पुरुषाची कबर. वस्ती जळाली आणि लागलीच पाण्याखाली गेली, म्हणून एरवी कुजून जाणाऱ्या वस्तूही टिकल्या. दीड लाखांच्या आसपास बिया व फळे तेथे मिळाली. त्यांत रानजव आणि रानगहू होते. माशांची हाडे विपुल होती आणि जाळ्याला वजन म्हणून बांधावयाचे खाचा पाडलेले दगडही होते. पेत्राच्या २१ हजार वर्षे आधी त्या पाण्यात जाळे पडत होते!

एका झोपडीत दळावयाचा दगड मूळ जागी रोवलेला होता. दाण्यांचा सडा त्याच्याभोवती होता, आणि चकमकीची हत्यारे घडविल्याच्या ठिकऱ्या दाराकडे होत्या. म्हणजे एका छपराखाली दळण्याची जागा वेगळी, हत्यारे घडविण्याची जागा वेगळी. घर म्हणजे काय, याचा हा एक फार जुना आराखडा आहे.

त्यानंतरचा काळ नातूफी लोकांचा. हे नावही गॅरडबाईंनी वादी अन-नातूफ या दरीवरून दिलेले. साधारण १५ हजार ते साडेअकरा हजार वर्षांपूर्वी हे लोक हिंडणे कमी करून एके ठिकाणी राहू लागले. ऐन मल्लाहा येथे त्यांची दगडी पायाची गोल घरे आहेत आणि माणसे त्या घरांच्या परिसरातच पुरलेली आहेत. तेथील एका वृद्ध व्यक्तीचा हात तिच्या शेजारी पुरलेल्या पिल्लावर टेकलेला आहे. ते पिल्लू कुत्र्याचे की माणसाळलेल्या लांडग्याचे, यावर अभ्यासक वाद घालतात. हाताविषयी मात्र वाद नाही.

इराकमधील शानिदार गुहेत एका निअँडरथलाला फुलांवर निजविले होते, अशी कथा १९७० च्या सुमारास जगभर गाजली. तेथील परागकण बिळे करणाऱ्या उंदरांनी किंवा मधमाश्यांनी आणले असावेत, अशी शंका पुढे घेतली गेली आणि ती अद्याप फिटलेली नाही. कर्मेलवरील राकेफेत गुहेत मात्र संशयाला जागा उरलेली नाही. १३,७०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या चार नातूफी कबरींच्या तळाशी ओल्या चिखलाचा लेप दिला होता, आणि त्यावर अंथरलेल्या सुगंधी वनस्पतींच्या देठांचे व फुलांचे ठसे आजही स्पष्ट दिसतात. २०१३ साली ते प्रसिद्ध झाले.

भाकरीचा जन्मही याच लोकांच्या चुलीवरचा. जॉर्डनच्या वाळवंटातील शुबैका येथे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत जळालेले तुकडे मिळाले. रानगव्हाचे व पाणगवताच्या कंदांचे पीठ करून थापलेल्या भाकरीचे ते तुकडे होते. शेती सुरू व्हावयास अजून सुमारे ४००० वर्षे होती. आधी शेती आणि मग भाकरी असे आपण समजत होतो. वस्तुस्थिती उलटी निघाली. दाणे वेचून, पाखडून, दळून, भाजून भाकरी करण्याचा खटाटोप रोजच्या पोटासाठी परवडणारा नव्हता. ती बहुधा सणासमारंभाची, पाहुण्यांसोबत वाटून खाण्याची वस्तू असावी, आणि तिची गोडी लागल्यावर माणसाने धान्य पेरले असावे, असे काही संशोधकांना वाटते.

भिंत

यरीहो हे समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २५० मीटर खाली, मृत समुद्राच्या उत्तरेस आहे. अलीशा संदेष्ट्याच्या नावाने ओळखला जाणारा झरा तेथे आजही वाहतो. त्या झऱ्यावर ११ हजार वर्षांपूर्वी लोक स्थिरावले. कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात हे टेकाड खणले तेव्हा अगदी तळाच्या थरांत त्यांना दगडी भिंत, खडकात कोरलेला खंदक आणि आत जिना असलेला साडेआठ मीटर उंचीचा बुरूज मिळाला. काळ इ.स.पूर्व ८००० च्या सुमाराचा. ही भिंत यहोशवाच्या कथेतील नव्हे, त्याहून ती सहा हजारांहून अधिक वर्षे जुनी आहे. तेव्हा धातू नव्हता, चाक नव्हते, मडकेसुद्धा नव्हते. शेकडो माणसांनी दगडाने दगड फोडून ती उभारली.

भिंत कशासाठी होती? केनियन यांना ती शत्रूविरुद्धची तटबंदी वाटली. ओफेर बार-योसेफ यांनी १९८६ साली पूर व चिखल थोपविण्यासाठी ती असावी, असे मत मांडले. कारण कोणतेही असो, एवढे खरे की आता राखावयास काहीतरी होते. जॉर्डनमधील ध्रा येथे ११ हजार वर्षांहून जुनी धान्याची कोठारे मिळाली आहेत. धान्य साठले की ते कोणाचे हा प्रश्न उभा राहतो. हिंडणाऱ्या टोळीत शिकार संध्याकाळी वाटली जाते, कारण उद्या ती नासणार असते. कोठारातले धान्य उद्या नासत नाही, आणि म्हणून ते न वाटण्याचा मोह प्रथमच माणसापुढे आला.

याची किंमत कोणी मोजली हेही हाडे सांगतात. सीरियातील अबू हुरेयरा या आरंभीच्या शेतकरी गावातील सांगाड्यांचा अभ्यास थेया मॉलसन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. मुख्यतः स्त्रियांच्या पायांचे अंगठे, गुडघे आणि कंबर झिजलेली होती. तासन्‌तास गुडघ्यांवर बसून, पायांची बोटे दुमडून, पुढेमागे झुकत दळण्याच्या त्या खुणा होत्या. जात्यावर आणि पाट्यावर आयुष्य काढलेल्या आपल्या आज्या-पणज्यांचे हात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

यरीहोत एक विलक्षण प्रथा होती. मृताचे मस्तक काढून घेऊन त्यावर चुन्याच्या लेपाने चेहरा घडवीत आणि डोळ्यांच्या जागी शिंपले बसवीत. १९५३ साली अशी सात मस्तके एकत्र मिळाली. गेलेल्या माणसाचा चेहरा घरात राहावा ही ओढ आपल्याला समजते. परंतु हा मान सर्वांना मिळत नव्हता. त्यांतील एक मस्तक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या तपासणीतून २०१६ साली दिसले की त्या पुरुषाचे डोके लहानपणीच आवळून बांधून त्याला विशिष्ट आकार दिला गेला होता. काफ्झेहला सर्वांत दुबळ्या मुलाला शिंगे मिळाली होती. येथे बालपणापासून कोणीतरी निवडला जात होता. केवळ या दोन उदाहरणांवरून मोठा सिद्धांत उभारू नये, पण वस्ती मोठी होते तसा माणसामाणसांतील फरकही ठळक होतो, हे पुढच्या साऱ्या इतिहासाने दाखविले आहे.

उत्पत्तीचे पुस्तक आणि मातीचे थर

हे सारे वाचताना काहींच्या मनात प्रश्न येईल की उत्पत्तीच्या पुस्तकाचे मग काय? चर्चने या प्रश्नाकडे पाठ फिरविलेली नाही. १९५० साली परमगुरू बारावे पायस यांनी 'हुमानी जेनेरिस' या परिपत्रकात मानवी देहाच्या उगमाविषयी संशोधन व चर्चा करण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट परमेश्वराकडून येतो हे तत्त्व त्यांनी आवर्जून राखले. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या विज्ञान-अकादमीला लिहिलेल्या संदेशात उत्क्रांती ही केवळ एक अटकळ राहिलेली नाही, असे मान्य केले. पवित्र शास्त्र मातीच्या थरांची कालगणना सांगण्यासाठी लिहिलेले नाही. माणूस कोणाचा आणि कशासाठी, हे ते सांगते.

तरीही उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातील एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. पहिला नगर-बांधणारा म्हणून तेथे ज्याचे नाव येते तो काइन आहे, शेत कसणारा, आणि भावाचा खून केलेला. नगर, भिंत आणि कोठार यांची थोरवी गाणाऱ्या प्राचीन जगात हे लिहिणाऱ्याने नगराच्या पायाशी भावाचे रक्त पाहिले. यरीहोचा बुरूज त्याने पाहिला नव्हता. त्या बुरुजाच्या सावलीत जे सुरू झाले होते, ते मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलेले होते.

या दीर्घ इतिहासातून मनावर ठसते ते हे की काळजी घेणे ही भिंतीहून फार जुनी गोष्ट आहे. दुर्बलांसाठी वेळ नाही, साधने नाहीत, ही तक्रार आपण करतो. आपल्यातही दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले वडीलधारे आहेत, सामान्य मुलांसारखी न वाढणारी मुले आहेत, आणि त्यांना सांभाळताना थकून गेलेली कुटुंबे आहेत. काफ्झेहच्या टोळीपाशी कोठार नव्हते, औषध नव्हते, घरही नव्हते. तरी त्या मुलाला त्यांनी वाढविले. ते शक्य होते हे ९२ हजार वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे.

१४ मे २००९ रोजी परमगुरू सोळावे बेनेडिक्ट यांनी नाझरेथच्या त्याच टेकडीवर हजारो भाविकांसमवेत मिस्सा अर्पण केली. पवित्र भूमीतील चर्च त्या काळात कुटुंब वर्ष पाळीत होते आणि त्या दिवसाचा विषय कुटुंब हाच होता. जमलेल्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की आपण उभे आहोत त्या टेकडीच्या कुशीत, एका गुहेत, कोणा आईबापांनी आपल्या अधू लेकराच्या छातीवर हरिणाची शिंगे ठेवून त्याला निरोप दिला होता.